चुकीचा नट उघडला, आता पुढे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सुटीच्या दिवशी सकाळी गाडीखाली शिरून मोटारीचे ऑइल स्वतः बदलणारी हौशी मंडळी आपल्याकडे कमी नाहीत. काम तसे अवघड नाही. खालचा नट उघडायचा, जुने तेल घमेल्यात उतरू द्यायचे, फिल्टर बदलायचा, नट पुन्हा आवळायचा आणि वरून नवे तेल ओतायचे. तासाभरात हात धुऊन मोकळे. पण या सोप्या कामात एक चूक वारंवार होते, आणि ती केवळ आपल्याकडे नव्हे, जगभर होते. गाडीच्या पोटाखाली नट एकच नसतो. इंजिनाचा वेगळा असतो आणि गिअरबॉक्सचा वेगळा. इंजिनाचा म्हणून गिअरबॉक्सचा नट उघडला जातो, गिअरबॉक्समधले तेल घमेल्यात जाते, आणि नवे तेल ओतले जाते ते मात्र इंजिनात, जिथे जुने तेल तसेच भरलेले असते. म्हणजे एकीकडे गिअरबॉक्स कोरडा आणि दुसरीकडे इंजिन काठोकाठ.

अशी चूक झाली तर काय करायचे, हा आजचा विषय. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. तेल उतरल्याने गिअरबॉक्स बिघडत नाही. तेलाशिवाय फिरल्याने बिघडतो. चूक लक्षात आली तेव्हा इंजिन सुरू केलेले नसेल, तर नुकसान फक्त वाया गेलेल्या तेलाचे आणि थोड्या वेळाचे आहे. म्हणून शंका आली की पहिले काम एकच: किल्ली काढून घरात ठेवा. घरातल्या दुसऱ्या कुणी सहज गाडी बाहेर काढू नये, म्हणून तसे सांगूनही ठेवा.

ही चूक का होते?

याचे एक कारण म्हणजे दुचाकीची सवय. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर हे सगळे एकाच तेलात बुडालेले असतात. एक नट, एक तेल, काम संपले. स्कूटरमध्ये मात्र मागच्या चाकापाशी गिअरचे तेल वेगळे असते, जेमतेम शे-सव्वाशे मिलिलिटर. आणि तिथेही हीच चूक होताना दिसते. मोटारींमध्येही एकच तेल असण्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये आलेल्या 'मिनी' या छोट्या गाडीत अ‍ॅलेक इसिगोनिस या रचनाकाराने जागा वाचवण्यासाठी गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, तेलाच्या टाकीतच बसवला होता. पण हा अपवाद झाला. आजच्या मोटारीत दोन्ही तेले वेगळी, त्यांच्या जागा वेगळ्या आणि त्यांचे काम करण्याचे तंत्रही वेगळे.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिन आडवे असते आणि गिअरबॉक्स त्याला एका बाजूने चिकटलेला असतो. खालून पाहिले तर दोन्ही शेजारी शेजारी, दोन्हींना खाली नट. मग ओळखायचे कसे? पुढच्या दोन चाकांकडे जाणारे, टोकाला रबरी घड्यांची टोपी घातलेले दांडे ज्या कवचातून बाहेर पडतात, तो गिअरबॉक्स. ज्याच्या अंगावर ऑइल फिल्टर आहे, ते इंजिन. बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्स इंजिनाच्या मागे असतो आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध डिफरन्शियलचे तिसरेच तेल असते. परदेशात राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी ज्यांच्याकडे सुबारू आहे, त्यांनी तर जास्तच सांभाळावे. सीव्हीटी असलेल्या सुबारूत इंजिन, पुढचा डिफरन्शियल आणि सीव्हीटी यांचे नट गाडीखाली पुढून मागे जवळजवळ येतात, आणि इंजिनाऐवजी सीव्हीटीचे तेल सोडून देण्याचे प्रकार तिकडे बरेच घडले आहेत.

चूक ओळखायची कशी?

इथे तीन साक्षीदार कामाला येतात: घमेल्यातले तेल, त्याचे माप आणि डिपस्टिक.

इंजिनाचे वापरलेले तेल बहुधा काळपट असते. गिअरबॉक्सचे तेल मधासारखे किंवा तपकिरी असते आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. हा वास एकदा घेतला की विसरता येत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल पुष्कळदा लालसर असते. पण रंगावर पूर्ण भिस्त ठेवू नये, कारण रंग कंपनीगणिक बदलतो आणि जुने झाल्यावर सगळीच तेले तपकिरी दिसू लागतात.

म्हणून माप घ्यावे. पाण्याच्या एक लिटरच्या रिकाम्या बाटल्या यासाठी उत्तम. लहान मोटारीच्या इंजिनात साधारण तीन ते साडेतीन लिटर तेल मावते; साध्या, हाताने बदलायच्या गिअरबॉक्समध्ये दोन ते अडीच लिटर. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत दोन्ही आकडे छापलेले असतात. बाटल्यांतले माप कोणत्या आकड्याशी जुळते ते पाहा.

तिसरा साक्षीदार सगळ्यांत पक्का. नवे तेल ओतल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, डिपस्टिक पुसून पुन्हा घालून काढा. तेल वरच्या खुणेच्या बरेच वर आले असेल आणि सोनेरी दिसण्याऐवजी काळपट दिसत असेल, तर जुने तेल इंजिनातून निघालेलेच नाही. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. ज्यांना बाकी काही लक्षात राहणार नाही, त्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

दोन्हीकडे धोका कोणता?

साध्या गिअरबॉक्समध्ये तेलाचा पंप बहुधा नसतो. तळाशी साचलेल्या तेलात खालची चाके बुडतात, फिरताना ते तेल वर उडवतात, आणि त्या शिंतोड्यांवर वरची चाके व बेअरिंगे जगतात. तळाचे तेल गेले की शिंतोडे थांबतात. धातूवर राहिलेला तेलाचा पातळ थर थोडा वेळ निभावून नेतो. मग बेअरिंगे तापतात आणि दात एकमेकांवर घासू लागतात. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन नुसते चालू ठेवले, तर गिअरबॉक्सला काही होणार नाही, असा एक समज आहे. तो खरा नाही. क्लच दाबलेला नसेल तर न्यूट्रलमध्येही आतला मुख्य दांडा आणि त्याच्याशी जुळलेली चाके फिरतच असतात.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गोष्ट आणखी नाजूक. तिथे तेल नुसते वंगण नाही. त्याच्याच दाबाने आतले क्लच आवळले जातात, त्याच्याच मार्फत इंजिनाची ताकद चाकांकडे जाते आणि त्याच्यानेच सगळे थंड राहते. तेल नसेल तर पंप हवा ओढतो, क्लच घसरतात आणि जळतात. जळलेल्या क्लचच्या पट्ट्या नवे तेल घालून बऱ्या होत नाहीत.

आता इंजिन. जास्त तेल म्हणजे जास्त चांगले, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तेलाची पातळी फार वर गेली की फिरणारा क्रँकशाफ्ट तेलात आपटतो आणि ताक घुसळावे तसा फेस करतो. पंप मग तेलाऐवजी फेस ओढतो, आणि फेस धातूला धातूपासून दूर ठेवू शकत नाही. शिवाय जादा तेल हवेच्या नळीवाटे सिलिंडरमध्ये जाऊन निळा धूर येतो, सील गळू लागतात, आणि धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवरही त्याचा परिणाम होतो. डिपस्टिकवरच्या दोन खुणांमधले अंतर बहुतेक गाड्यांत साधारण एक लिटरचे असते. त्यावरून अंदाज करा: तीन लिटर जादा म्हणजे किती!

दुरुस्तीचा क्रम

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. गाडी सपाट जागेवर हवी. उचललेली असेल तर ती फक्त जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. लोखंडी घोड्यांवर टेकवा आणि जमिनीवरच्या चाकांना ओट लावा. चूक झाल्याच्या घाईगडबडीत माणूस हीच काळजी विसरतो. तेलाची चूक पैशांनी भरून निघते, ही निघत नाही.

आधी गिअरबॉक्स घ्या. त्याला दोन नट असतात. तळाचा तेल सोडण्याचा आणि कडेला थोडा वर असलेला तेल भरण्याचा. तळाचा नट स्वच्छ पुसून, त्याखालचा तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर नवा घालून, पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकाच आवळा. बहुतेक नटांच्या टोकाला चुंबक असतो. त्यावर राखाडी, मऊ, लोण्यासारखा थर दिसला तर घाबरू नका. ती नेहमीची झीज आहे. मात्र हाताला टोचतील असे कण किंवा चकचकीत कपच्या दिसल्या, तर त्या वेगळ्या पिशवीत जपून ठेवा आणि मेकॅनिकला दाखवा.

मग कडेच्या भोकातून, नरसाळ्याला लांब नळी लावून, पुस्तिकेत सांगितलेलेच तेल भरा. बहुतेक साध्या गिअरबॉक्समध्ये त्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल आले, की पातळी बरोबर झाली. तेल तिथून बारीक धारेने बाहेर येऊ लागले की थांबा, धार थेंबांवर येऊ द्या आणि नट लावा. गाडी एका बाजूने उचललेली असेल, तर ही पातळी खोटी ठरते.

त्यानंतर इंजिन. जादा तेल थोडे काढून पातळी खुणेपर्यंत आणली तर भागेल का, असे विचारले जाते. इंजिनाला धोका राहणार नाही हे खरे. पण आत राहील ते जुन्या-नव्या तेलाचे मिश्रण, आणि ज्यासाठी गाडीखाली शिरलो ते काम अर्धेच राहील. म्हणून सगळे तेल सोडून, फिल्टर नवा लावून, मोजून तेल भरावे हे बरे. डिपस्टिक पाहावी आणि मगच किल्ली लावावी. पहिली दोन-तीन मिनिटे गाडी जागेवर चालवून दोन्ही नट गळत नाहीत ना, ते पाहावे.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये मात्र पातळी पाहण्याची रीत वेगळी. बहुतेकांत इंजिन चालू असताना आणि तेल ठरावीक तापमानाला आलेले असतानाच पातळी पाहायची असते. काही गाड्यांत हे तापमान ३५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते आणि ते मोजायला स्कॅनर लागतो. अनेक नव्या गाड्यांत गिअरबॉक्सला डिपस्टिकही नसते. तेव्हा बाहेर आलेले तेल मोजून, तेवढेच आणि त्याच जातीचे तेल परत भरावे आणि अचूक पातळीसाठी जाणत्या माणसाला बोलवावे.

गाडी चालवली गेली असेल तर?

इथे किती वेळ आणि कशी, हे महत्त्वाचे. साध्या गिअरबॉक्सची गाडी सोसायटीच्या आवारात पुढे-मागे केली असेल, तर तेल भरल्यावर बहुधा काही निशाणी उरत नाही. तरीही दोन-तीनशे किलोमीटरनंतर तेल पुन्हा सोडून चुंबक तपासावा. हमरस्त्यावर वेगाने गाडी नेली असेल, एखाद्या ठरावीक गिअरमध्ये किंवा वेगाबरोबर चढत जाणारा रडका आवाज येत असेल, गिअर अडत असेल, तर बेअरिंगांना इजा झाली असे समजून गिअरबॉक्स उघडावा लागतो. आवाज दाबण्यासाठी जाड तेल घालणे हा इलाज नव्हे. ते दुखणे झाकणे झाले.

रस्त्यात चूक लक्षात आली, तर दोर बांधून गाडी ओढत नेऊ नका. चाके फिरली की आतली कोरडी चाकेही फिरतात. गाडी मालवाहू गाडीवर चढवून न्यावी, किंवा तेल घेऊन मेकॅनिकलाच तिथे बोलवावे. आपल्याकडे हे सहज जमते, आणि स्वस्तही पडते.

तेलच चुकीचे पडले तर?

ही दुसरी नेहमीची चूक. साध्या गिअरबॉक्सच्या तेलाच्या डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ असे लिहिलेले असते. पाच हा आकडा मोठा म्हणून तेल भारी, असे नाही. जीएल-५ हे मुख्यतः डिफरन्शियलच्या, अतिशय दाबाखाली घासणाऱ्या दातांसाठी असते. त्यातली गंधकयुक्त द्रव्ये अधिक असतात, आणि अशी काही तेले गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो कड्यांना खातात. या कड्यांना थोडे घर्षण लागते. त्या एकमेकींना पकडतात म्हणून गिअर खडखडाट न करता पडतो. जीएल-४ सांगितलेल्या ठिकाणी जीएल-५ पडले, तर ही आणीबाणी नव्हे. सवड मिळताच ते सोडून योग्य तेल भरावे. डब्यावरच्या आकड्यानेही फसू नये. गिअर ऑइलची ७५डब्ल्यू-९० ही मोजपट्टी इंजिन ऑइलच्या मोजपट्टीहून वेगळी आहे. गिअर ऑइलमधले ९० हे घट्टपणात इंजिन ऑइलच्या ४०-५० च्या जवळपास येते.

ऑटोमॅटिकमध्ये चुकीचे तेल पडणे मात्र गंभीर, आणि सीव्हीटीत सर्वांत गंभीर. सीव्हीटीत पोलादी पट्टा दोन पुल्यांमध्ये दाबाने पकडलेला असतो. ती पकड त्याच्या खास तेलावर अवलंबून असते. साधे ऑटोमॅटिकचे तेल घातले तर पट्टा घसरून पुल्यांवर ओरखडे पडू शकतात. गाडी हलवण्याआधीच ते काढावे. शिवाय एक हिशेब ध्यानात घ्यावा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तळाचा नट उघडून सगळे तेल येत नाही. बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहते. समजा आठ लिटरांपैकी चारच लिटर निघाले. मग एका बदलीनंतर चुकीचे तेल निम्मे उरते, दुसरीनंतर पाव, तिसरीनंतर दोन आणे. म्हणजे एकदा बदलून भागत नाही. प्रत्येक बदलीच्या मधे इंजिन थोडे चालवून तेल मिसळू द्यावे लागते, किंवा यंत्राने सगळे तेल बदलून घ्यावे लागते.

२०१४ मध्ये सेलेरिओपासून आपल्याकडे एएमटी रूढ झाली. तिला लोक ऑटोमॅटिक म्हणतात, पण आत गिअरबॉक्स साधाच असतो. क्लच आणि गिअरचे काम फक्त यंत्र करते. तिच्या गिअरबॉक्सला गिअर ऑइलच लागते, आणि काही गाड्यांत ते काम करणाऱ्या यंत्राचे तेल वेगळे, छोट्या डबीत असते. ही दोन तेले एकमेकांच्या जागी जाता कामा नयेत.

नट अडला, आटे गेले

अनुभवी मेकॅनिक तळाचा नट उघडण्याआधी कडेचा, भरण्याचा नट उघडून पाहतात. यामागे साधे शहाणपण आहे. तो उघडलाच नाही, तर तेल सोडून बसल्यावर परत भरणार कुठून? तशी वेळ आलीच, तर गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर ठेवा, नटाला नीट बसणारा सहा बाजूंचा बॉक्स पाना वापरा, हलके ठोके द्या. डोके झिजेपर्यंत जोर करू नका. काही गाड्यांत रिव्हर्स दिव्याच्या स्विचच्या किंवा स्पीडोमीटरच्या गिअरच्या भोकातूनही तेल भरता येते. मात्र तिथून भरताना मोजूनच भरावे.

गिअरबॉक्सचे कवच अ‍ॅल्युमिनियमचे असते आणि नट पोलादी. नट जास्त आवळला की कवचाचे आटे जातात. त्यावर दोरा गुंडाळून किंवा चिकटपट्टी लावून नट बसवणे म्हणजे रस्त्यात गिअरबॉक्स रिकामा होण्याची तयारी. आत नवे पोलादी आटे बसवण्याची हेलिकॉइलची पद्धत आहे. चांगल्या लेथवाल्याला किंवा गॅरेजला ती येते, आणि कवच बदलण्यापेक्षा ती पुष्कळच स्वस्त पडते.

या सगळ्या खटाटोपात बरेच खराब तेल हाताशी उरते. ते गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. २०१६ च्या घातक कचऱ्यासंबंधीच्या नियमांत वापरलेले तेल येते. डब्यात भरून गॅरेजला द्या; तिथून ते पुनर्प्रक्रियेसाठी जाते.

पुढच्या वेळी गाडीखाली जाण्याआधी दोन्ही नटांवर खडूने इंजिन आणि गिअर अशी खूण करून घ्या. दोन मिनिटे लागतात. तरीही चूक झालीच, तर ती लपवू नका. गॅरेजला गाडी नेली तर काय उघडले, किती तेल निघाले, इंजिन किती वेळ चालले, हे सगळे खरे सांगा. त्या माहितीवरच मेकॅनिक ठरवतो की फक्त तेल भरायचे की गिअरबॉक्स उघडायचा. त्या दोन्हींच्या खर्चात काही शेकडे आणि हजारो रुपयांचे अंतर आहे.